बाई उलट लिहायला लागते तेव्हा: जपानी कादंबऱ्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जपानी कादंबऱ्यांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आल्या आणि निम्म्यांचा सूर एकच, की या मोठमोठ्या पुरुष लेखकांच्या बायका (कादंबरीतल्या, पण घरच्यांचाही विषय पुढे निघणारच आहे) अशा का असतात आणि तिकडच्या स्त्रीवादाने त्यात काही फरक पाडला की नाही. पाच प्रश्न निवडलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच गाळली.

प्रश्न: मी पुण्यात जपानी शिकते, पण मुराकामी अजून इंग्रजीतूनच वाचते. चार पुस्तकं झाली आणि आता चिडचिड व्हायला लागलीये. एक बायको किंवा मैत्रीण गायब होते, दुसरी कोणीतरी गूढ बाई फोन करते, तिसरी हिरोबरोबर झोपते आणि मग हिरोला काहीतरी उमगतं. मित्र म्हणतो ते स्वप्नासारखं आहे, तू फार सीरियसली घेतेस. मी खरंच फार सीरियसली घेते का? आणि हे त्याला तिकडे कोणी विचारत नाही का?

उत्तर: विचारलंय गं, आणि अगदी तोंडावर विचारलंय. मिएको कावाकामी ही आजच्या जपानमधली फार महत्त्वाची कादंबरीकार, २००८ मध्ये नव्या लेखकांसाठीचा मानाचा अकुतागावा पुरस्कार मिळाला तिला, आणि ती मुराकामीची जुनी चाहती. तिने त्याच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यांचं २०१७ मध्ये जपानीत पुस्तक आलं, आणि त्यातला याच विषयावरचा भाग पुढे इंग्रजीत आल्यावर जगभर फिरला. तुझी जी तक्रार आहे ना, जवळपास तीच तिने मांडली. पुरुष नायकाला दुसऱ्या जगात पोचवायला, त्याचं काहीतरी जागं करायला बाई लागते, ती बहुतेक वेळा शरीराच्या वाटेनेच ते करते, आणि काम झालं की तिचा बळी जातो, तर हे काम दरवेळी बाईच्याच गळ्यात का? असं. चाहतीनेच विचारलं असल्यामुळे त्याला "तुम्ही माझं वाचलंच नाही" म्हणायची सोयच नव्हती.

त्याचं उत्तर साधारण असं होतं की माझ्या लिखाणात असा ठरीव साचा आहे असं मला वाटत नाही, माझी पात्रं पुरुष असोत की बायका तशी फार गुंतागुंतीची नसतातच, माणूस आणि त्याच्या भोवतीचं जग जिथे एकमेकांना भिडतं तिथे माझं लक्ष असतं. आता हे खोटं नाही, पण पुरतंही नाही. कारण जगाला भिडायचं काम त्याच्या पुस्तकात बहुतेक वेळा पुरुष करतो आणि बाई ही त्या भिडण्याची जागा असते. 'नॉर्वेजियन वुड' (१९८७) बघ, नायक तोरूची प्रेयसी नाओको मरते, मग तिची मैत्रीण रेइको येते, तोरूबरोबर एक रात्र काढते आणि जाते, आणि हे सगळं तोरूच्या दुःखाचा हिशोब पुरा व्हावा म्हणून. 'विंड-अप बर्ड'मध्ये कुमिको घरातून निघून जाते आणि तिला शोधायच्या निमित्ताने आपण शेकडो पानं नवऱ्याच्या डोक्यात राहतो. मित्राला सांग, स्वप्न असलं तरी ते कोणीतरी बघत असतं ना, आणि इथे बघणारा कायम तोच.

पण कावाकामीने आणखी एक गोष्ट केली ती मला जास्त आवडली. तिने त्याचीच 'स्लीप' ही १९८९ मधली कथा पुढे केली. दाताच्या डॉक्टरची बायको, तिची झोपच उडते, सतरा दिवस झोप नाही आणि थकवाही नाही, रात्री सगळे झोपले की ती ब्रँडी घेते, चॉकलेट खाते, 'अ‍ॅना कारेनिना' पुन्हा वाचून काढते, गाडी घेऊन बंदराकडे जाते. त्या कथेत कोणा पुरुषाला काही उमगत नाही! नवरा गाढ झोपलेला असतो. म्हणजे याला जमत नाही असं अजिबात नाही, एवढं झकास जमलेलं असताना पुढची वीस वर्षं त्याने तो रस्ता मोठ्या कादंबऱ्यांत का घेतला नाही हा खरा प्रश्न.

तरी फरक पडलाय, फक्त सरळ रेषेत नाही. 'काफ्का ऑन द शोअर' (२००२) मध्ये एक प्रसंग आहे, ताकामात्सुच्या त्या छोट्या खासगी वाचनालयात दोन बायका तपासणीला येतात, बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही, कार्डांमध्ये पुरुष लेखकांची नावं आधी का, असं विचारतात. प्रश्न दोन्ही रास्त आहेत. पण लेखकाने त्या दोघींना इतकं कोरडं आणि हास्यास्पद केलंय की वाचकाने वाचनालय सांभाळणाऱ्या ओशिमाच्या बाजूनेच हसावं, आणि वर ओशिमाला त्यांना पोकळ माणसं म्हणून झोडपूही दिलंय. मला तो प्रसंग फार बोलका वाटतो, कारण चळवळ कादंबरीच्या दाराशी येऊन उभी राहिलीये हे लेखकाला कळलंय आणि तो दार लावून घेतोय. मग '१क्यू८४' (२००९-१०) मध्ये आओमामे येते, बायकांना मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना गुपचूप संपवणारी, अर्धी कादंबरी तिच्या डोळ्यांनी. केवढी झेप! आणि तरी ही बाई आरशासमोर उभी राहून आपल्या छातीच्या मापाची चिंता करत बसते, ते वाचताना पुरुषाने लिहिलंय हे क्षणभरही विसरता येत नाही. २०१७ च्या 'किलिंग कमेंडाटोर'मध्ये तर तेरा वर्षांची मुलगी अनोळखी चित्रकाराशी पहिल्या काही भेटीतच याच विषयावर बोलते. म्हणजे दोन पावलं पुढे, दीड मागे.

आणि मग २०२० ची 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' ही गोष्ट. निवेदक सूट घालून बारमध्ये पुस्तक वाचत बसलाय, शेजारी पन्नाशीची बाई येते आणि म्हणते की तीन वर्षांपूर्वी अमुक ठिकाणी पाण्याच्या काठी तू काय भयंकर केलंस ते आठव, लाज वाटू दे. त्याला आठवत नाही. पण तो विचारतही नाही की मी केलं काय, उठून निघून जातो, आणि बाहेर रस्ता ओळखीचा राहिलेला नसतो. काही जणांना ही कथा म्हणजे बिचाऱ्या पुरुषावर आळ वाटते. मला तसं वाटत नाही. चाळीस वर्षं ज्याच्या बायका त्याला वाट दाखवायला येत होत्या त्याच्याकडे एक बाई जाब विचारायला आली, आणि त्याला तिचं ऐकून घेता आलं नाही हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. तू सीरियसली घेतेस ते बरोबरच आहे, तोही आता घेतोय असं दिसतंय.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. स्त्रीवाद ही पश्चिमेकडून अलीकडे आलेली विचारसरणी. शंभर वर्षांपूर्वीच्या जपानी लेखकांना ती फूटपट्टी लावणं अन्याय नाही का? त्यांच्या डोक्यात हे विषय तरी होते का? (कोल्हापूर)

उत्तर: सर, होते, आणि नुसते डोक्यात नाही तर घरात, दारात आणि पेपरात होते.

१९०८ सालची गोष्ट सांगते. नात्सुमे सोसेकी म्हणजे तिकडचे एवढे मोठे लेखक की त्यांचं चित्र पुढे हजार येनच्या नोटेवर आलं. त्यांचा एक शिष्य, सोहेई मोरिता, लग्न झालेला. तो हारुको हिरात्सुका नावाच्या शिकलेल्या, झेन साधना करणाऱ्या तरुण मुलीबरोबर मरायला म्हणून शिओबाराच्या डोंगरात गेला. मेलं कोणीच नाही, पोलिसांनी शोधून परत आणलं आणि पेपरवाल्यांना मेजवानी मिळाली. सोसेकींनी शिष्याला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याची त्याच प्रकरणावरची कादंबरी 'असाही' दैनिकात क्रमशः आली, नायिका अर्थात गूढ, थंड, पुरुषाला खेळवणारी. आणि स्वतः सोसेकींनी त्याच १९०८ मध्ये 'सान्शिरो' लिहिली, तिच्यातली मिनेको आठवा, खेड्यातून तोक्योला आलेल्या त्या भाबड्या पोराला जिचा थांगच लागत नाही. म्हणजे नवी शिकलेली बाई समोर आल्यावर या दोघांनीही काय केलं, तर तिला कोडं केलं. कोडं करण्यात एक सोय असते सर, सोडवता नाही आलं तर दोष कोड्याचा.

पण ती हारुको कोड्यासारखी गप्प बसली नाही ना! तिने राइचो हे नाव घेतलं आणि सप्टेंबर १९११ मध्ये 'सेइतो' नावाचं मासिक काढलं, सगळ्या बायकांचं, आणि पहिल्याच अंकात लिहिलं की आरंभी स्त्री ही सूर्य होती, आता ती दुसऱ्याच्या उजेडावर जगणारा फिकट चंद्र झालीये. त्याच वर्षी तोक्योत इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' रंगमंचावर आलं, सुमाको मात्सुईने केलेली, नवरा आणि घर सोडून जाणारी नोरा बघून खळबळ माजली, आणि 'सेइतो'च्या बायकांनी जानेवारी १९१२ च्या अंकात नोरावर चर्चाच लावली, तीही नुसती भारावून नाही, नोराचं चुकलं कुठे हेही त्यांनी लिहिलं. (आपल्याकडे तेच नाटक अनंत काणेकरांनी 'घरकुल' म्हणून मराठीत आणलं.) तेव्हा इब्सेन पश्चिमेचा हे खरं, पण त्याच्याशी वाद घालणाऱ्या बायका तोक्योच्याच होत्या.

त्याच्याही आधीचं उदाहरण म्हणजे १९०७ ची तायामा काताई यांची 'फुतोन'. मध्यमवयीन लेखक, त्याच्याकडे लेखन शिकायला आलेली तरुण मुलगी, तिच्यावर त्याचा जीव, तिचं दुसऱ्याच मुलावर प्रेम, मग तिची रवानगी गावी, आणि शेवटी हा तिच्या अंथरुणात तोंड खुपसून वास घेत रडतो. जपानी वाङ्मयाच्या इतिहासात ही धाडसी कबुली म्हणून गाजली, पुढची कितीतरी वर्षं तिथली 'स्वतःबद्दलची' कादंबरी याच वाटेने गेली. कबुली कोणाची, तर त्याची. पण उघडी कोण पडली? ती. मूळची मुलगी, मिचियो ओकादा, स्वतः लिहिणारी होती, आणि तिने पुढे आपली बाजू लिहून छापली. ते मात्र वाङ्मयाच्या इतिहासात तळटीप म्हणून राहिलं.

सगळे तसेच होते असंही नाही. ताकेओ आरिशिमांची 'आरु ओन्ना' (१९१९) वाचा. योको नावाची बाई, एक लग्न मोडलेलं, दुसऱ्या लग्नासाठी अमेरिकेला बोटीने निघते आणि बोटीवरच्या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडून जपानला परत येते. लेखक तिला माफही करत नाही आणि शिक्षाही करत नाही, निदान बराच वेळ. तिचा राग, तिची भूक, तिचा हिशेबीपणा सगळं आतून. शेवट मात्र आजारपण आणि इस्पितळ, तिथे आरिशिमांचा हात थरथरला असं मला वाटतं, एवढी मोकळी बाई जिवंत ठेवून तिचं करायचं काय हे तेव्हाच्या कादंबरीला माहीतच नव्हतं. कायद्यालाही माहीत नव्हतं म्हणा. परक्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या बायकोवर आणि त्या पुरुषावर नवऱ्याने तक्रार केली तर तुरुंगवास, नवऱ्याने मात्र बाहेर कोणा अविवाहित बाईशी संबंध ठेवले तर गुन्हा नाही, असं कलम जपानात १९४७ पर्यंत होतं. आरिशिमा स्वतः १९२३ मध्ये एका विवाहित स्त्री-पत्रकाराबरोबर कारुइझावाला आत्महत्या करून मेले. त्यांच्या मागेही या कलमाची धमकी होती.

तेव्हा फूटपट्टी आजची नाही सर. त्यांच्याच काळातल्या बायकांनी ती लावली होती, आपण फक्त त्यांचं म्हणणं उशिरा वाचतोय.

प्रश्न: तानिझाकी स्त्रीपूजक की स्त्रीद्वेष्टा? एका शब्दात सांगा, आमच्या वाचनकट्ट्यावर पैज लागलीये. (ठाणे)

उत्तर: पैज दोघेही हरलात. एका शब्दात सांगायचं तर 'गिऱ्हाईक'.

'नाओमी' (१९२४-२५) बघा. जोजी नावाचा सरळमार्गी इंजिनियर कॅफेत काम करणारी पंधरा वर्षांची पोर घरी आणतो, तिला इंग्रजी शिकवतो, नाच शिकवतो, कपडे घेतो, म्हणजे स्वतःला हवी तशी मॉडर्न बाई घडवायला घेतो, आणि ती खरंच मॉडर्न होते, फक्त याच्या हाताबाहेरची. शेवटी तिच्या सगळ्या अटी मान्य करून हा तिच्या पायाशी. त्या काळात 'नाओमीइझम' म्हणून फॅशनच झाली, सरकारी दबाव येऊन दैनिकाने मध्येच छापणं थांबवलं आणि मग उरलेली एका मासिकात आली. आता यात बाई जिंकली असं म्हणायचं? जिंकली ती जोजीच्या कल्पनेतली बाई, नाओमीला स्वतःला काय हवं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही कारण सांगणारा जोजी आहे आणि त्याला हरण्यातच मजा वाटतीये.

पण म्हातारपणी हा माणूस हुशार झाला. 'द की' (१९५६) मध्ये नवरा डायरी लिहितो आणि बायकोही लिहिते, दोघं एकमेकांची चोरून वाचतात की वाचत नाहीत अशी बतावणी, आणि नवरा मेल्यावर बायको शेवटी शांतपणे सांगते की माझ्या डायरीत बरंच खोटं होतं, मुद्दाम लिहिलं होतं. म्हणजे बाईच्या हातात पेन दिलं की काय होतं हे त्याला बरोबर कळलं होतं, आणि त्याची त्याला भीतीही वाटत होती. 'सासामेयुकी' (इंग्रजीत 'द माकिओका सिस्टर्स') मधल्या चार बहिणी त्याने आपल्या बायकोवरून आणि तिच्या बहिणींवरून घेतल्या, १९४३ मध्ये लष्कराने ती छापणं बंद पाडलं, कारण युद्धाच्या काळात बायकांचे किमोनो, स्थळं आणि फुलं बघायला जाणं असलं 'मऊ' लिखाण नको. त्यातली युकिको एकामागून एक स्थळं नुसत्या गप्प राहण्याने परतवून लावते, आणि तानिझाकी त्या गप्पपणाचा अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही. मला तो सगळ्यात आवडतो तो तिथे.

प्रश्न: मी स्वतः कथा लिहितो. जपानमध्ये तीन बायकांनी मिळून मोठमोठ्या लेखकांना झोडपणारं पुस्तक लिहिलं होतं असं ऐकलं. असल्या टीकेने लेखक बिचकून लिहायला लागत नाही का? मग साहित्य कसलं, आचारसंहिता होईल. (नाशिक)

उत्तर: ते पुस्तक १९९२ चं. समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो, मानसशास्त्राच्या चिकाको ओगुरा आणि कवयित्री-कादंबरीकार ताएको तोमिओका, तिघींनी बसून गप्पा मारल्यात, अगदी ठसकेबाज. बायकांच्या लेखनाला तिकडे कायम वेगळ्या खणात ठेवायची रीत होती, यांनी तसाच खण पुरुषांसाठी केला आणि त्यात सहा जणांना बसवलं: योशियुकी, शिमाओ, तानिझाकी, कोजिमा, मुराकामी, मिशिमा. म्हणणं एवढंच की तुम्ही 'माणसाबद्दल' लिहिलंय असं समजता ते पुरुषाबद्दल आहे, आणि बाई म्हणून जे रंगवलंय ती तुमच्या डोक्यातली. फार आरडाओरडा झाला. वाङ्मय कळत नाही, सगळं एकाच दोरीत बांधलं, वगैरे. काही ठिकाणी त्या तिघी घाईत आहेत हे मलाही वाटतं, तानिझाकीला तर त्यांना जरा मऊच हात लावावा लागलाय. दोन वर्षांनी मिनाको साइतोने आणखी गंमत केली, पुरुषाला बाई 'दिवस गेलेत' असं सांगते आणि मग कथेला वळण लागतं अशा कादंबऱ्या एकत्र गोळा करून दाखवल्या, मोरी ओगाईंच्या १८९० च्या गोष्टीपासून मुराकामीपर्यंत. एकदा तो साचा दाखवल्यावर वाचकाला हसूच यायला लागतं, आणि वाचक हसला की लेखकाला तीच युक्ती परत वापरणं जड जातं. बिचकणं म्हणायचंच तर हे बिचकणं.

तुमच्या मुद्द्यावर येते. आचारसंहितेची भीती मला कळते, पण तिकडे झालं काय ते बघा. योशियुकी घ्या, १९७० मध्ये त्यांच्या 'आन्शित्सु'ला तानिझाकी पुरस्कार मिळाला, बायकांच्या अंगाचं बारीक वर्णन करणारा जाणकार म्हणून केवढा दबदबा, त्याच वर्षी मित्सु तानाका नावाची बाई रस्त्यावर पत्रकं वाटत होती की पुरुषांच्या लेखी बाई म्हणजे एक तर आई, नाहीतर टॉयलेट. दोन्ही एकाच साली, एकाच शहरात. आज योशियुकींना कोणी बंदी घातलेली नाही, दुकानात मिळतात, फक्त बाई कळण्यासाठी हे वाचा असं सांगायची आता हिंमत होत नाही. यात साहित्याचं काय गेलं?

आणि टीकेने पुस्तक मरत नाही, उलट त्याला खोली येते याचं उदाहरण तोशिओ शिमाओंची 'शि नो तोगे' (१९७७). नवऱ्याची डायरी बायकोच्या हाती लागते, त्याचं बाहेरचं प्रकरण कळतं आणि तिचा तोल जातो, रात्रंदिवस उलटतपासणी, मुलं कोपऱ्यात, शेवटी इस्पितळ. सगळं खऱ्या आयुष्यातलं. पिढ्यान्‌पिढ्या ही कादंबरी वेडापर्यंत गेलेलं पवित्र प्रेम म्हणून वाचली गेली. पण बायको, मिहो, काही नुसती वेडी झालेली बायको नव्हती, ती स्वतः लेखिका, तिचं पुस्तक १९७४ मध्ये आलंय, आणि नवऱ्याच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रतीही तीच लिहून काढायची! विचार करा, आपल्याच वेडाचं वर्णन नवऱ्याने लिहिलेलं आणि आपण बसून ते चांगल्या अक्षरात उतरवतोय. २०१६ मध्ये कुमिको काकेहाशींनी मिहोचं जाडजूड चरित्र लिहिलं, आणि आता ती कादंबरी कोणाची, कोणी कोणाला लिहिलं, हा प्रश्न मिटवता येत नाही. मूळ पुस्तक त्याने छोटं झालं का? मला तर दुप्पट भयंकर वाटायला लागलं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अकुतागावा पुरस्कार १९३५ पासूनचा, आणि त्याच्या निवड समितीत पहिल्यांदा बायका आल्या त्या १९८७ मध्ये, ताएको कोनो आणि मिनाको ओबा. म्हणजे बावन्न वर्षं नव्या लेखकाची पारख फक्त पुरुष करत होते. २०२२ च्या उन्हाळ्यात यादीतल्या पाचही लेखिका होत्या. परीक्षक बदलला की लिहिणाऱ्याचा कान बदलतो, तुम्ही कथा पाठवता तेव्हा संपादक कोण आहे हे मनात येत नाही का तुमच्या?

प्रश्न: एवढं सगळं वाचायला वेळ नाही. चळवळीचा परिणाम खरंच झालाय असा एक पुरुष लेखक सांगा. (नोकरी आणि दोन मुलं, पनवेल)

उत्तर: केन्झाबुरो ओए. आणि तेही सुरुवातीचे नाही, म्हातारे ओए.

सुरुवातीचे ओए इतरांसारखेच. 'अ पर्सनल मॅटर' (१९६४) मध्ये बर्ड नावाच्या नायकाला बाळ होतं, मेंदूत व्यंग असलेलं, तो पळून जातो तो जुन्या मैत्रिणीकडे, हिमिकोकडे, ती त्याला शरीर देते, दारू देते, धीर देते, आणि शेवटी बर्ड सुधारून घरी जातो तेव्हा तिला बाजूला सारून जातो. बायको सगळं पुस्तकभर इस्पितळाच्या खाटेवर. नोबेल मिळालेल्या लेखकाची ही फार गाजलेली कादंबरी, आणि आहेही जबरदस्त, पण बाईच्या बाजूने वाचली तर अंगावर येते.

नंतर हा माणूस ऐकायला लागला. १९९० च्या 'अ क्वाएट लाइफ'मध्ये आईबाप परदेशी गेलेत आणि घर सांभाळणारी मुलगी सगळं सांगते, अपंग भाऊ, बापाची लेखकगिरी, सगळं. २००० च्या 'द चेंजलिंग'चं शेवटचं प्रकरण बायकोच्या ताब्यात. आणि २०१३ ची शेवटची कादंबरी, फुकुशिमाच्या अपघातानंतरची, तिच्यात लेखकाची बहीण, बायको आणि मुलगी एकत्र येऊन ठरवतात की या माणसाने आयुष्यभर आपल्याला एकतर्फी रंगवलंय, आता आपण लिहायचं, आणि त्यांचं लिखाण कादंबरीत येत राहतं, त्याच्या जुन्या पुस्तकांची चिरफाड करत, आणि त्याला ते मुकाट वाचावं लागतं. आता हेही शेवटी ओएंनीच लिहिलंय, त्या तिघींच्या तोंडी शब्द त्यांचेच आहेत, ही शंका कोणी काढली तर मी नाही म्हणणार नाही. पण ऐंशीकडे झुकलेला नोबेलवाला लेखक आपल्याच घरातल्या बायकांकडून स्वतःला खोडून घेतो, शेवटच्या पुस्तकात, हे मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

वेळ कमी असेल तर दोनच वाचा, 'अ पर्सनल मॅटर' आणि 'अ क्वाएट लाइफ', दोन्ही इंग्रजीत मिळतात आणि दोन्ही जाड नाहीत. क्रम मात्र हाच ठेवा. उलटं वाचलंत तर बर्डला पहिल्या पन्नास पानांतच खाली ठेवाल.